ओळखीच्या माणसावरून पात्र लिहिताना

ओळखीच्या माणसाला कादंबरीत आणायचं ठरलं की बहुतेक जण आधी नाव बदलतात आणि काम झालं असं समजतात. पण चाळ माणसाला नावावरून ओळखतच नाही. ‘परळच्या अमुक चाळीच्या पुनर्विकास समितीचा खजिनदार, बेस्टमधून रिटायर झालेला कंडक्टर, मुलगा दुबईला, भावाशी बोलणं बंद’ एवढं लिहिलंत की त्याला रघुनाथ म्हणा नाहीतर जयराम, चाळीतली सगळी बिऱ्हाडं दुसऱ्या पानाला ओळखतात.

म्हणून प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारायचा: या वर्णनात मुंबईत किती माणसं बसतील? बेस्टचा रिटायर कंडक्टर म्हटलं तर हजारो. परळला चाळीत राहणाराही हजारो. मुलगा दुबईला असलेले भरपूर. अमुक चाळीच्या समितीचा खजिनदार मात्र एकच. हा एक आकडा ज्या तपशिलापाशी येतो तो आधी काढायचा. मग उरलेल्यांची बेरीज बघायची. हजारोंचे दोन तपशील एकत्र आले की शेकडे उरतात, आणखी दोन घातले की पुन्हा एकच माणूस उरतो. कादंबरीत हे तपशील दोनशे पानांत विखुरलेले असतात, त्यामुळे लिहिणाऱ्याला ते जाणवत नाही. वाचणारा शेजारी मात्र ते बरोबर गोळा करतो.

तेव्हा प्रत्येक मुख्य पात्रासाठी एक कागद घ्या आणि पेशा, राहण्याचं ठिकाण, घरातली माणसं, शरीराची खूण, सगळ्यांना माहीत असलेला एखादा प्रसंग आणि कुठल्या संस्थेतलं पद असेल तर ते, अशा सहा ओळी लिहा. मूळ माणसाच्या जशाच्या तशा ओळी दोनपेक्षा जास्त राहता कामा नयेत. पद आणि प्रसंग तर कधीच एकत्र ठेवू नयेत.

काय टिपायचं

नवखा लेखक चेहरा टिपतो. उंची, रंग, नाक, चष्मा. यातलं पात्राच्या कामाचं जवळजवळ काही नसतं, आणि ओळख पटवायला मात्र हेच सगळ्यात आधी धावून येतं. टिपायचे ते हात, पैसे आणि नकार.

हात म्हणजे पेशा. कंडक्टरचंच घ्या. इलेक्ट्रॉनिक मशीन येण्याआधी ज्याने वीस-पंचवीस वर्षं पत्र्याची तिकीटपेटी सांभाळली, त्याच्या उजव्या हातात दिवसभर पंच असायचा. तिकिटाला भोक पाडायला तो लागायचाच, पण गर्दीत ‘तिकीट, तिकीट’ ओरडण्याऐवजी तो नुसता टिकटिकवला जायचा. असा माणूस घरी टीव्हीसमोर बसला असताना त्याचा अंगठा आणि तर्जनी काही न धरता मिटत-उघडत राहिली, तर वाचकाला त्याचं अख्खं आयुष्य कळतं. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बायकोशी वाद संपवताना तो ‘डबल बेल’ म्हणून उठून गेला तर त्यावर लेखकाने एक अक्षरही स्पष्टीकरण देऊ नये.

आता गोची अशी की ही खूण पेशाला चिकटलेली आहे. ओळख लपवायला कंडक्टरचा बँकेतला कॅशियर केलात तर अंगठ्याची हालचाल निराधार होते. कॅशियरची सवय वेगळी: नोटा मोजायला बोट ओलं करायची, आणि मग घरी वर्तमानपत्राचं पानसुद्धा तसंच उलटायची. म्हणून अशा वेळी पेशा बदलायचा नाही. कंडक्टर हजारो आहेत, पेशाने कुणी पकडलं जात नाही. चाळ बदला, पद काढा, दुबईचा मुलगा काढून नाशिकची मुलगी द्या. अंगठा तसाच राहू द्या.

पैशाच्या बाबतीत माणूस हिशोब कुठे लिहितो ते बघा. कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचे खाडे मांडणारी बाई आणि ‘असू दे हो, नंतर बघू’ म्हणणारी पण महिनाअखेरीला आकडा तोंडपाठ असणारी बाई, या दोघी कादंबरीत दोन वेगळ्या दिशांना जातात. उसने कसे मागतो, परत करताना काय बोलतो, भाजीवाल्याला सुटे नसताना काय करतो, हे चार-पाच वेळा टिपलं की स्वभावाचं वर्णन लिहायची गरज उरत नाही.

आणि नकार. मराठी माणूस तोंडावर ‘नाही’ क्वचित म्हणतो. ‘बघू.’ ‘सांगतो तुम्हाला.’ ‘करू की, त्यात काय.’ ‘ह्यांना विचारून सांगते.’ ‘तुम्ही म्हणताय तर...’ या प्रत्येकाचा अर्थ नाहीच आहे, पण प्रत्येकामागचा माणूस वेगळा आहे. ज्या माणसावरून लिहिताय त्याचे नकार निदान दहा गोळा करा, त्याच्याच शब्दांत. चेहऱ्यावरून लोक ओळखतात, नकारावरून सहसा कुणी ओळखत नाही. त्यामुळे ही चोरी पचते.

टिपणाचा नियम साधा आहे: त्याच दिवशी, झोपायच्या आधी, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं. ‘ती चिडून बोलली’ हे टिपण पुढे निरुपयोगी ठरतं. ‘मी काय इथे खुंटी आहे का, येता-जाता टांगायला?’ हे टिपण तीन वर्षांनीही चालतं. दोन दिवस गेले की डोक्यातलं वाक्य आपोआप तुमच्या भाषेत येतं, आणि मग सगळी पात्रं तुमच्यासारखी बोलतात. लोकलमध्ये फोनवर टाईप करत राहिलात तर कुणी विचारत नाही. रेकॉर्डिंग मात्र सुरू करू नका. समोरच्याला न सांगता केलेलं रेकॉर्डिंग पुढे वाद झाला तर तुमच्याच अंगावर येतं, आणि लिहायला त्याचा उपयोगही कमीच. ऐकलेलं गाळून जे उरतं तेच कामाचं.

नुसतं बघून जे कळत नाही, म्हणजे कामाची पद्धत, ते विचारावं लागतं. ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बाईला ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हटलंत तर ती टीव्हीवाल्यांना देते तेच उत्तर देईल. ‘काल उठल्यापासून काय काय केलंत?’ असं विचारा आणि मध्ये मध्ये ‘मग?’ एवढंच म्हणा. पाऊण तासाच्या दोन भेटी पुरतात. पहिलीत कामाचा क्रम, दुसरीत तुम्ही लिहिलेला क्रम त्यांना वाचून दाखवायचा. चुका तिथेच निघतात: कुठलं काम आधी, कशाला काय म्हणतात, कुणाला कुणाचा धाक. कादंबरी लिहितोय हे पहिल्याच भेटीत सांगायचं. रोजंदारीवरच्या माणसाचा वेळ घेतलात तर तेवढ्या वेळची मजुरी द्या, उपकार म्हणून नाही, हिशोब म्हणून.

दोन माणसांचं एक पात्र

हा जुना आणि खात्रीचा मार्ग. टॉलस्टॉयने अॅना कॅरेनिनाचं रूप, मानेवर रुळणाऱ्या कुरळ्या बटांसकट, पुश्किनच्या मुलीवरून, मारिया हार्टुंगवरून घेतलं. तिचा शेवट मात्र दुसऱ्याच बाईचा आहे. शेजारच्या जमीनदाराच्या घरी राहणारी अॅना पिरोगोव्हा जानेवारी १८७२ मध्ये मालगाडीखाली गेली आणि टॉलस्टॉय तिचं शवविच्छेदन पाहायला गेला होता. रूप एकीचं, मरण दुसरीचं, आणि मधला स्वभाव कादंबरीने घडवलेला.

जोडकाम करताना एक पथ्य पाळायचं. स्वभाव एकाच माणसाचा घ्या. रूप, घर, प्रसंग हवे तिथून आणा, पण दोन माणसांचे दोन स्वभाव शिवले तर त्याची गोधडी होते: पहिल्या प्रकरणात चिकट असलेला माणूस पाचव्यात उधळा, आणि का ते लेखकालाही सांगता येत नाही. बोलीचंही तसंच. मालवणी घरातली आजी ‘खंय’ आणि ‘कित्याक’ म्हणेल, तिच्या तोंडी साताऱ्याकडच्या आत्याचं फर्डं वाक्य घातलं की ते वेगळं वाजतं. वाक्य फारच आवडलं असेल तर आत्यालाच कादंबरीत जागा करा.

वय, आडनाव आणि गाव

ओळख लपवायला लोक सगळ्यात बेफिकीरपणे बदलतात ते वय. मुंबईत हे फार महागात पडतं. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. तुमचा मूळ माणूस तेव्हा २८ वर्षांचा, १९५४ चा जन्म, गिरणीत कायम. त्याला दहा वर्षांनी लहान केलंत की संपाच्या वेळी तो १८ चा होतो. म्हणजे फार तर बदली कामगार, नाहीतर अजून कॉलेजात, आणि संपात गेली ती त्याच्या बापाची नोकरी. कडवटपणाचं कारणच बदललं. मग एक तर वय दोन-तीन वर्षांच्या आतच हलवा, नाहीतर कडवटपणा बापाकडून पुन्हा नव्याने मांडा. वय बदललं की एका उभ्या तक्त्यात जन्म, दहावी, पहिली नोकरी, लग्न, पहिलं मूल ही वर्षं लिहा आणि शेजारी शहराची वर्षं लिहा: १९८२, १९९२-९३, २६ जुलै २००५. प्रत्येक तारखेला पात्र किती वर्षांचं आणि कुठे होतं हे सांगता आलं पाहिजे.

सार्वजनिक प्रसंग वापरायला मोकळे असतात हा यातला फायदा. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रेल्वे रुळांवरून चालत घरी गेलेली माणसं अगणित आहेत, त्यात तुमचं पात्र सहज मिसळतं. त्याच रात्री अमुक सोसायटीच्या लिफ्टमध्ये अडकलेले सेक्रेटरी मात्र एकच.

आडनाव बदलताना तर आपण काय काय बदलतोय याची लेखकाला कल्पनाच नसते. मराठी आडनाव म्हणजे गाव, जात आणि जेवण. राणेचं जगताप केलंत की माणूस कोकणातून उठून घाटावर गेला. मग गणपतीला गावी जायची त्याची धडपड संपली. त्या गाड्यांचं रिझर्वेशन उघडतं त्या सकाळी आठला मोबाईल घेऊन बसणं संपलं. (हे रिझर्वेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी १२० दिवस होते. कादंबरीचा काळ बघून आकडा घाला.) तांदळाची भाकरी गेली, बाजरीची आली. सुट्टीतलं गाव गेलं, गावाकडच्या जमिनीचं भांडण वेगळं झालं. हे सगळं करायची तयारी नसेल तर त्याच पट्ट्यातलं दुसरं आडनाव घ्या, राणेचं परब किंवा सावंत करा. ‘कर’ लावून आडनाव बनवणार असाल तर ते गाव खरंच आहे का आणि कुठे आहे, हे नकाशात बघा. पाटील हे आडनाव सगळ्यांत सुरक्षित वाटतं, पण ते इतक्या जातींत आहे की पात्राचं घर धूसर होतं.

पहिल्या नावांना पिढी असते. १९४० च्या आसपास जन्मलेल्या कुसुम, इंदू, सुलोचना. साठीतल्या मंगल, सुनंदा. ऐंशीच्या दशकातल्या अश्विनी, स्नेहल. चाळीतल्या ७५ वर्षांच्या आजीला सई म्हटलंत की वाचक पहिल्या ओळीत अडखळतो. शिवाय त्या पिढीत लग्नानंतर नाव बदलायची रीत होती, म्हणजे माहेरचं एक आणि सासरचं एक. ही दोन नावं लपवाछपवीला फार उपयोगी पडतात.

कुठे बिघडतं

मराठीत व्यक्तिचित्राची परंपरा मोठी आहे, आणि तीच इथे आडवी येते. वल्ली माणूस दिसला की लेखकाला वाटतं कादंबरी मिळाली. पण वल्लीपणा वीसेक पानांत संपतो. व्यक्तिचित्रातला माणूस पूर्ण झालेला असतो, तो जसा आहे तसा बघण्यातच गंमत असते. कादंबरीतल्या माणसाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळत नसतं. तुमच्या वल्लीला काय हवंय हे एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर त्याला दुय्यम पात्र करा. तिथे तो झकास चालतो.

आई-आजीवरून लिहिलेली पात्रं देवघरात जाऊन बसतात. उपाय म्हणून तिला एक लपवलेलं कर्ज, एक खोटं आणि एक क्षुद्रपणा द्या. सुनेच्या डब्यात मुद्दाम शिळी पोळी घालण्याइतका छोटाही चालेल. सूड म्हणून लिहिलेला जुना साहेब किंवा मेहुणा उलट्या बाजूने फसतो. प्रत्येक प्रसंगात तो चुकीचा असतो आणि वाचकाला त्याचीच दया येऊ लागते. त्याला भांडणातलं सगळ्यात बिनतोड वाक्य द्या. द्यावंसं वाटत नसेल तर हे पात्र अजून दोन वर्षं लिहू नका.

पात्र मूळ माणसापासून सुटलं का हे तपासायला एक चाचणी आहे. मूळ माणसाच्या आयुष्यात कधीच न घडलेला प्रसंग लिहा: पात्राला बोरिवलीला उतरायचंय आणि ते चुकून संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये, म्हणजे पार विरारपर्यंत जाणाऱ्यांच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये, चढलंय. डब्यातली माणसं त्याला काय म्हणतील आणि ते काय करेल? लिहिताना ‘काका असते तर काय केलं असतं’ असा प्रश्न मनात आला, तर पात्र अजून काकांच्या घरीच राहतंय. असे तीन प्रसंग न अडता लिहून झाले की पात्र तुमचं झालं. हे प्रसंग कादंबरीत घ्यायलाच हवेत असं नाही.

कायदा, थोडक्यात

बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे (१ जुलै २०२४ पासून, त्याआधी दंड संहितेची ४९९ आणि ५००). शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. नाव घेतलं नाही म्हणून सुटका होत नाही. माहीतगारांना कोण ते कळलं तर पुरतं. ‘जे लिहिलं ते खरंच आहे’ हा फौजदारी खटल्यात पूर्ण बचाव नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. वारलेल्या माणसाबद्दलही हे कलम लागू शकतं, घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर. भरपाईचा दिवाणी दावा प्रकाशनापासून एक वर्षात करावा लागतो. लैंगिक अत्याचारग्रस्त व्यक्तीची ओळख पटेल असं काहीही छापणं कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि कादंबरी आहे म्हणून त्यातून सूट नाही. तिथे सहाच्या सहा ओळी बदला.

‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही ओळ घाला, पण तिच्यावर विसंबू नका. ती रूढ झाली तीच एका खटल्यानंतर: रास्पुतिनवरच्या १९३२ च्या हॉलिवूडपटात नाव बदलून दाखवलेली राजकन्या आपणच, असा दावा राजकन्या इरिना युसुपोवा हिने लंडनच्या कोर्टात केला आणि २५,००० पौंड मिळवले. आणि उलटंही घडतं. १९०८ साली एका इंग्रजी वर्तमानपत्राने गमतीच्या मजकुरात ‘आर्टेमस जोन्स’ असं मनाने रचलेलं नाव वापरलं. त्या नावाचा खराखुरा बॅरिस्टर निघाला आणि १,७५० पौंडांची भरपाई हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत कायम राहिली. म्हणून पात्राचं नाव, पेशा आणि भाग ठरला की तिन्ही एकत्र टाकून नेटवर शोधा. डॉक्टर, वकील, नगरसेवक, मुख्याध्यापक यांच्या बाबतीत तर हमखास. दादरला त्याच नावाचे दातांचे डॉक्टर सापडले तर तुमच्या डॉक्टरांना मुलुंडला हलवा किंवा आडनाव बदला, आणि बदललेलं पुन्हा शोधा.

हस्तलिखित कुणाला दाखवायचं

ज्याच्या आयुष्यातला खाजगी प्रसंग घेतलाय त्याला, आणि तेवढीच पानं. ‘आवडलं का’ असं विचारू नका, ‘काय चुकलंय’ असं विचारा. लोक पात्राच्या लबाडीवर जितके चिडतात त्याहून जास्त घरातल्या मळक्या पडद्यावर आणि आमटीत मीठ कमी असल्यावर चिडतात. हे बदलून द्यायला काहीच जात नाही. अख्खं आयुष्यच घेतलं असेल तर मात्र तोंडी ‘हो’वर जाऊ नका. काय वापरणार आणि नाव बदलणार का, हे लेखी घेऊन सही घ्या, आणि वकिलाच्या नजरेखालून घाला.

मासिकात किंवा साप्ताहिकात कादंबरी क्रमशः येत असेल तर धोका जास्त, कारण पुढचा भाग लिहून व्हायच्या आतच माणूस दारात येतो. डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ हप्त्याहप्त्याने येत असताना १८४९ मध्ये हेच झालं. त्यातली बुटकी मिस मॉचर आपल्यावरूनच बेतली आहे अशी तक्रार त्याच्या शेजारच्या बाईंनी केली. डिकन्सने माफी मागितली आणि पुढच्या हप्त्यांत ते पात्र चांगल्या बाजूला वळवलं. क्रमशः लिहिणाऱ्याने निदान शेवटचे दोन भाग हाताशी तयार ठेवावेत, म्हणजे वळवायचं झालंच तर कुठे वळवतोय ते कळतं.

पुस्तक आल्यावर ‘हा मीच ना?’ असा फोन आला तर फोनवर काही कबूल करू नका आणि नाकारूही नका. कुठलं पान, कुठली ओळ, ते विचारून लिहून घ्या. तारखेसकट जुनी टिपणं आणि आधीचे खर्डे जपून ठेवलेले असतील तर पात्र किती जणांतून आलंय हे दाखवता येतं. तक्रार रास्त वाटली तर दुसऱ्या आवृत्तीत ओळ बदला, पण नवी ओळ जुन्या ओळीइतक्याच लांबीची बसवा. दोन शब्द जरी वाढले तरी परिच्छेद एका ओळीने वाढू शकतो, मग पुढची पानं हलतात, आणि प्रकाशक एका पडद्याच्या रंगासाठी अख्खं प्रकरण पुन्हा लावून देत नाही.